केमोचे त्रास: सोसायचे कोणते आणि सांगायचे कोणते?

प्रश्न – दुसरी_सायकल

नमस्कार. माझे वय ४६ आहे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यावर माझी केमोथेरपी सुरू झाली. डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फमाइड यांच्या दर तीन आठवड्यांनी एक अशा चार सायकल आणि त्यानंतर पॅक्लिटॅक्सेलचे दर आठवड्याला एक याप्रमाणे बारा डोस ठरले आहेत. दुसरी सायकल होऊन आज नववा दिवस आहे.

औषध घेतल्याच्या दिवशी मी घरी येऊन व्यवस्थित जेवले, त्यामुळे आपल्याला फारसा त्रास होणार नाही असे सगळ्यांनीच गृहीत धरले. तिसऱ्या दिवशी मात्र सकाळी दात घासताना पेस्टच्या वासाने जी उमळ आली ती पुढे दोन दिवस थांबली नाही. त्याआधीच्या दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. चौथ्या दिवशी काहीही कारण नसताना मी तासभर रडत बसले. पोट साफ होत नाही, जिभेच्या कडेला फोड आले आहेत आणि प्रत्येक घासाला धातूची चव येते. केस पहिल्या सायकलनंतर सतराव्या दिवशी मुठीत यायला लागले. ते होणार हे ठाऊक होते, त्यामुळे त्याचे मला इतरांना वाटते तितके दुःख झाले नाही.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. तपासणीच्या दिवशी डॉक्टर विचारतात, "कसं वाटतंय?" आणि मी "ठीक आहे" म्हणून मोकळी होते. बाहेर रांग असते, आजूबाजूला माझ्यापेक्षा किती तरी आजारी माणसे बसलेली असतात आणि त्यांच्यासमोर जिभेच्या फोडाची तक्रार करणे मला लाजिरवाणे वाटते. शिवाय त्या दिवशी मी खरोखरच ठीक असते, कारण तोवर तीन आठवडे उलटून गेलेले असतात. मनात एक भीतीही आहे की फार तक्रारी केल्या तर औषध कमी करतील आणि उपचार अपुरा राहील. ज्यांनी हे अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे की यातले काय मुकाट्याने सोसायचे असते, काय सांगायचे असते आणि सांगून खरोखर काही फरक पडतो का?

उत्तर १ – चार_वर्षांपूर्वी

ताई, माझ्याही चार सायकल याच दोन औषधांच्या झाल्या होत्या. पहिल्या दोन मी तुमच्यासारख्याच "ठीक आहे" म्हणत काढल्या आणि उरलेल्या दोन वही घेऊन काढल्या, म्हणून दोन्ही बाजू सांगू शकते.

तुम्ही जे लिहिले आहे त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला ठरावीक वार असतो. मळमळीचे दोन प्रकार आहेत: एक औषध दिल्यापासून चोवीस तासांच्या आत येणारी आणि दुसरी त्यानंतर सुरू होऊन चार-पाच दिवस टिकणारी. तुम्हाला दुसरी झाली. पहिल्या प्रकारावर सलाईनमधून दिलेली औषधे चांगली चालतात, म्हणून तुम्ही त्या दिवशी जेवू शकलात. दुसऱ्या प्रकारासाठी घरी घ्यायच्या गोळ्यांची आखणी वेगळी करावी लागते आणि ती करायची की नाही हे तुम्ही सांगितल्याशिवाय कोणालाही कळणार नाही. ही दोन औषधे एकत्र दिली जातात तेव्हा ती सर्वांत जास्त उलट्या घडवणाऱ्या गटात मोडतात, त्यामुळे ऑनडानसेट्रॉन किंवा पॅलोनोसेट्रॉन, डेक्सामेथासोन, ॲप्रेपिटंट आणि ओलान्झापिन अशी तीन-चार औषधांची जोडणी हल्ली देतात. आपल्या चिठ्ठीत यातली किती आहेत ते पाहा आणि पुढच्या वेळी सरळ विचारा.

ओलान्झापिनबद्दल एक गंमत सांगते, तेव्हा ती गंमत वाटली नव्हती. माझ्या तिसऱ्या सायकलला ते लिहून दिले. घरी येऊन मी पाकिटातला कागद वाचला तर ते स्किझोफ्रेनियाचे औषध निघाले. डॉक्टरांनी मला वेड लागले असे ठरवले, या समजुतीने मी दोन रात्री गोळी घेतलीच नाही आणि दोन्ही दिवस बादलीशेजारी बसून काढले. तिसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा कळले की मळमळीवर ते फार कमी मात्रेत आणि मोजके दिवस देतात. झोप मात्र खूप येते, म्हणून रात्रीच घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम उठून उभे राहायचे नाही.

गोळ्या मळमळ सुरू होण्याची वाट न पाहता सांगितलेल्या वेळेला घ्यायच्या. एकदा उलट्या सुरू झाल्या की तोंडाने घेतलेली गोळी पोटात टिकत नाही, मग सगळेच अवघड होऊन बसते. थोडे थोडे आणि वारंवार खाणे, वास कमी यावा म्हणून गार झालेले अन्न घेणे, स्वयंपाकघरापासून दोन दिवस लांब राहणे, एवढे घरगुती उपाय मला उपयोगी पडले. आवडीचे पदार्थ त्या दिवसांत खाऊ नका. मी खाल्ले आणि वर्षभर त्यांच्याकडे बघवत नव्हते.

पोट साफ न होणे हा बहुधा ऑनडानसेट्रॉनचाच प्रताप आहे. ते सांगितले की सायकलच्या पहिल्या दिवसापासून घ्यायचे सौम्य रेचक मिळते. झोप न लागणे हे डेक्सामेथासोनमुळे होते, तेव्हा त्याचा शेवटचा डोस दुपारपूर्वी घेता येईल का ते विचारा. आणि चौथ्या दिवशीचे रडू? ते औषध थांबले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मन असे खाली आपटते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर मी नवऱ्याशी भांडले नसते.

वहीत मी फक्त तीन रकाने केले होते: सायकलचा कितवा दिवस, काय झाले, आणि त्यामुळे काय करता आले नाही. तिसरा रकाना महत्त्वाचा आहे. "मळमळ झाली" हे वाक्य डॉक्टर दिवसातून चाळीस वेळा ऐकत असतील, पण "तिसऱ्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत दोन पेल्यांपेक्षा जास्त पाणी पोटात राहिले नाही" हे ऐकल्यावर त्यांनी पेन हातात घेतले.

उत्तर २ – थर्मामीटर

मी रुग्ण नाही, रुग्णाचा पती आहे. तुमच्या प्रश्नातला एक भाग उत्तराविना राहू नये म्हणून लिहितो. तुमचा आज नववा दिवस आहे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात आणि या काळातला ताप कोणत्याही कारणाने सोसायचा नसतो.

माझ्या पत्नीच्या दुसऱ्या सायकलचा दहावा दिवस होता. रात्री अकराच्या सुमारास तिने अंगावर दोन पांघरुणे घेतली तेव्हा मी थर्मामीटर लावला. १००.६ फॅरनहाइट. तिचे म्हणणे असे की एक पॅरासिटामॉल घेऊ, झोपू आणि सकाळी बघू. तिला खोकला नव्हता, घसा दुखत नव्हता, जखम लाल नव्हती, मग ताप कशाचा? मलाही तेच पटत होते, पण आम्हाला दिलेल्या कार्डावर १००.४ म्हणजे ३८ अंश सेल्सिअसच्या वर गेल्यास रात्री-अपरात्री यावे असे लिहिलेले होते, म्हणून मी हट्ट धरला. रुग्णालयात तपासले तेव्हा न्यूट्रोफिल ३०० होते, जे किमान दीड हजार तरी असावे लागतात. शरीरात लढणाऱ्या पेशीच नसल्या की पू होत नाही, लाली येत नाही, खोकलाही धडपणे येत नाही. ताप ही एकच खूण उरते आणि पॅरासिटामॉलने आपण तीसुद्धा पुसून टाकतो, हे मला तेथे समजले. शिरेतून प्रतिजैविके चार दिवस चालली आणि ती बरी झाली.

एक तक्रार मात्र नोंदवून ठेवतो. तातडीच्या विभागात आम्हाला पाऊण तास खोकणाऱ्या माणसांच्या मधोमध बसवून ठेवले, कारण मी दारात "ताप आला आहे" एवढेच म्हणालो होतो. "केमो चालू आहे, आज दहावा दिवस आहे, ताप आहे" हे एका दमात सांगितल्यावर लगेच आत घेतले. अशा तापात पोहोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविक सुरू व्हावे असा नियम असतो, तेव्हा भिडेखातर गप्प बसू नका. घरी थर्मामीटर दोन ठेवा, एकाची बॅटरी नेमकी त्याच रात्री संपते.

पुढच्या सायकलपासून तिला दुसऱ्या दिवशी पेगफिलग्रास्टिमचे इंजेक्शन सुरू झाले. त्याने पेशी फार खाली गेल्या नाहीत, पण कंबर आणि मांड्यांची हाडे दोन-तीन दिवस ठणकत. त्यावर काय घ्यायचे हेही विचारून ठेवावे.

उत्तर ३ – डे_केअरची_परिचारिका

मी केमोच्या डे-केअर विभागात अनेक वर्षे काम करते. कोणाच्याही उपचारात ढवळाढवळ करण्याचा हेतू नाही, तुमची औषधे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण "रांग मोठी असते" हे वाचून राहवले नाही. रांग आमच्यासाठी असते, तुमच्यासाठी नव्हे. डॉक्टरांना सांगायला संकोच वाटत असेल तर रक्तदाब घेणाऱ्या परिचारिकेला सांगा, ती कागदावर लिहील आणि कागद आत जाईलच.

तोंडातले फोड ही किरकोळ तक्रार मुळीच नाही. पेशी खाली असताना तोंडातली जखम हे जंतूंना आत शिरायला उघडे दार असते. मऊ ब्रश वापरा. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा खाण्याचा सोडा आणि चिमूटभर मीठ घालून दिवसातून चार-पाच वेळा गुळण्या करा आणि अल्कोहोल असलेली माउथवॉश बाजूला ठेवा. फोडांमुळे पाणी गिळणे अवघड झाले किंवा जिभेवर पांढरा थर दिसू लागला तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, कारण बुरशीचा संसर्ग असल्यास त्याला वेगळे औषध लागते. धातूची चव लागते म्हणून चमचा लाकडी किंवा प्लास्टिकचा वापरून पाहा. काहींना त्याने बराच फरक पडतो, काहींना अजिबात पडत नाही.

औषध चढत असताना एक गोष्ट ताबडतोब सांगायची असते, आणि ती न सांगणारे रुग्ण मी पाहिले आहेत. तुमचे लाल औषध, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, शिरेबाहेर झिरपले तर आजूबाजूचे मांस जाळते. सुईपाशी चुरचुरले, आग झाली, फुगल्यासारखे वाटले तर त्याच क्षणी हात वर करा. "जरा चुरचुरतंय, पण संपतच आलंय" असे म्हणून एका बाईंनी दहा मिनिटे सोसले आणि पुढे कित्येक आठवडे ड्रेसिंगसाठी येत राहिल्या. लघवीला एक-दोन दिवस लालसर रंग येतो, तो त्या औषधाचा असतो, घाबरू नये. परंतु त्यानंतरही रंग राहिला किंवा लघवीला जळजळ झाली तर कळवावे, कारण सायक्लोफॉस्फमाइड मूत्राशयाला त्रास देते. त्यासाठीच तर त्या दोन दिवसांत भरपूर पाणी पिऊन वारंवार लघवीला जायला सांगतात.

बद्धकोष्ठतेवर एनिमा किंवा गुदद्वारातून घालायची औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नका. पेशी कमी असताना तेथे होणारी बारीकशी इजासुद्धा महागात पडते. एका पायाला अचानक सूज, धाप, छातीत दुखणे, चोवीस तास पाणीही न टिकणे, कोठूनही न थांबणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही झाले तर वहीत लिहीत बसू नये, फोन करावा.

उत्तर ४ – निसर्गमार्ग

मला वाटते की सगळे औषधांवर औषधे सुचवत आहेत. माझ्या बहिणीने अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या आणि काही वनस्पतींचे अर्क सुरू केले होते, तिला पुष्कळ तरतरी आली. नैसर्गिक असल्याने अपाय होण्याचा प्रश्नच येत नाही.

उत्तर ५ – बारा_डोस

वरील सल्ला सद्भावनेने दिला आहे हे समजते, तरी त्याला उत्तर देणे भाग आहे, कारण नेमकी हीच चूक मी केली. पॅक्लिटॅक्सेल तरी कोठून आले? ते यू नावाच्या झाडाच्या सालीतून शोधले गेले आणि १९७१ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असते तर आपण येथे हे लिहीत बसलो नसतो.

ताई, तुमच्या चार सायकल संपल्या की माझा अनुभव तुमच्या कामी येईल. आठवड्याचे डोस पहिल्या औषधांच्या मानाने हलके वाटतात, मळमळ फारशी नसते, आणि त्यामुळे माणूस गाफील राहते. पाचव्या डोसच्या सुमारास माझ्या पायाच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या. सातव्यापर्यंत त्या हाताच्या बोटांत आल्या. मी कोणाला सांगितले नाही. तुम्हाला वाटते तीच भीती मलाही होती, की डोस कमी करतील. कोणीतरी सांगितले म्हणून ॲसिटिल-एल-कार्निटिन नावाचे पूरक सुरू केले, मज्जातंतूंना चांगले म्हणून. नंतर डॉक्टरांनी सांगितले की अशाच औषधांवर असलेल्या ४०९ स्त्रियांवर केलेला अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला होता आणि त्यात हे पूरक घेणाऱ्यांचा बधिरपणा कमी होण्याऐवजी वाढलेला दिसला. म्हणून ते घेऊ नये असेच मार्गदर्शक सूचना सांगतात. बाकीच्या पूरकांचेही तेच: डॉक्टरांना दाखवल्याशिवाय एकही नको.

नवव्या डोसच्या सकाळी मी ब्लाउजची बटणे लावत होते. बोटांना बटण लागते आहे हे कळत नव्हते, खाली पाहून डोळ्यांनी लावावे लागत होते, आणि मान वर केली की बटण निसटत होते. चार बटणांना दहा मिनिटे लागली. त्या दिवशी परिचारिकेने "हातपाय कसे आहेत?" असे विचारले तेव्हा मी पहिल्यांदा खरे सांगितले. डॉक्टर रागावले नाहीत, पण त्यांनी विचारले की हे कधीपासून आहे, आणि "एक महिन्यापासून" हे उत्तर देताना मला मान खाली घालावी लागली. हा त्रास डोसागणिक साठत जातो, औषध थांबवल्यावरही काही आठवडे वाढू शकतो आणि वेळीच कळले तर मात्रा कमी करता येते, एखादा डोस पुढे ढकलता येतो किंवा औषध बदलता येते. माझी मात्रा शेवटच्या डोसांना कमी केली. दुखरेपणावर ड्युलोक्सेटिन दिले, त्याने जळजळ उतरली, बधिरपणा मात्र गेला नाही. आज दीड वर्ष झाले. हात पूर्ववत आहेत. पायाची बोटे अजून कापसावर ठेवल्यासारखी वाटतात, त्यामुळे अंधारात जिना उतरताना कठडा धरते.

मात्रा कमी झाली म्हणजे उपचार वाया गेला, ही माझी समजूत चुकीची होती. मात्रा किती आणि केव्हा कमी करता येते याचा हिशेब डॉक्टरांकडे असतो. माझ्याकडे फक्त बटणांचा हिशेब होता आणि तोच मी दडवून ठेवला.

दुसरी_सायकल (मूळ प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मधे तिसरी सायकल झाली.

वही केली. तिसऱ्या रकान्यात लिहायला सुरुवातीला लाज वाटत होती, मग "धाकट्याच्या शाळेचा निरोप वाचला आणि दोन मिनिटांत विसरले" हेही लिहिले. तपासणीच्या दिवशी "ठीक आहे" हे शब्द सवयीने तोंडातून बाहेर पडलेच. मग मी वही पुढे केली. डॉक्टरांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि मळमळीची एक गोळी वाढवली, रेचक पहिल्या दिवसापासून लावले, डेक्सामेथासोन सकाळच्या न्याहारीनंतर घ्यायला सांगितले. विसराळूपणा या उपचारात अनेकांना होतो आणि बहुतेकांचा हळूहळू ओसरतो, असे ते म्हणाले. थकव्यावर मात्र मला वाटले होते त्याच्या उलट सांगितले: पडून राहण्यापेक्षा जमेल तेवढे रोज चालल्याने तो कमी होतो. सध्या मी दहा मिनिटे चालते, कधी पाचच.

या वेळी तिसऱ्या दिवशी मळमळ आली, उलटी एकदाच झाली. चौथ्या दिवशी रडू आले. घरात सगळ्यांना आधीच सांगून ठेवले होते, त्यामुळे कोणी कारण विचारले नाही. मुलाने शेजारी बसून त्याचा गृहपाठ केला. तोंडातले फोड आहेत, पण कमी. थर्मामीटर दोन घेतले.

एक शेवटचा प्रश्न. पॅक्लिटॅक्सेलच्या वेळी बर्फाचे हातमोजे घातले तर नखे आणि बोटे वाचतात असे ऐकले. ते खरे आहे का?

बारा_डोस

नखांसाठी उपयोग होतो असे आमच्या विभागात सांगत. बधिरपणाच्या बाबतीत अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, काहींत फायदा दिसला, काहींत नाही. औषध सुरू होण्याच्या थोडे आधी घालून ते संपल्यावर काही वेळाने काढतात. मी शेवटचे तीन डोस घातले होते. पहिली दहा मिनिटे हात ठणकतात, मग सवय होते. बर्फ थेट त्वचेला लावायचा नाही, मध्ये पातळ कापड ठेवायचे, आणि सुई ज्या हाताला असेल त्या हाताचे काय करायचे ते परिचारिकेला आधी विचारून घ्यायचे.